फेझच्या गल्ल्यांत एक जुमा

दौलताबादच्या किल्ल्यात वर चढताना एक भुयारी वाट लागते. तिला 'अंधारी' म्हणतात. शत्रू आत शिरलाच तर त्याला दिशा कळू नये, म्हणून ती वळणावळणाची केलेली आहे. आमचे बालपण याच किल्ल्याच्या पायथ्याशी गेले. घरी पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवून आणण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे. आम्ही पहिल्यांदा अंधारीत शिरलो तेव्हा अब्बांनी तोंडाशीच थांबवून सांगितले होते, "हात सुटला तर पळायचं नाही. जिथं असाल तिथंच उभं राहायचं. शोधणारा एक आणि थांबणारा एक. दोघंही शोधत सुटले तर कुणीच कुणाला सापडत नाही."

हे वाक्य आम्हाला पाठ होते. पण त्याचा अर्थ कळायला फार लांब जावे लागले. मोरोक्को देशातल्या फेझ शहरात, एका जुम्याच्या दुपारी तो कळला.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, कारण त्या दुपारची अर्धी हकीकत एकाला माहीत आणि अर्धी दुसऱ्याला. आमच्यातली मोठी ती आपा. तेव्हा ती २४ वर्षांची होती, अरबी घेऊन एम.ए. झालेली. धाकटा तो बाबू, १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. फेझमधल्या एका संस्थेत अरबी भाषेचा तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग होता. त्यात आपाला प्रवेश मिळाला. अब्बांनी परवानगी दिली, पण एका अटीवर: बाबूने सोबत जायचे. त्याच्या स्कूटरसाठी साठवलेले पैसे तिकिटात गेले. निघताना अब्बा बाबूला म्हणाले, "आपा तुझ्याकडे अमानत आहे." बाबूने छाती फुगवून मान हलवली. मुंबईहून निघून आखातात विमान बदलले, कासाब्लांकाला उतरलो आणि तिथून रेल्वेने सुमारे चार तासांत फेझला पोहोचलो.

दौलताबादला येऊन गेलेला मुसाफिर

फेझचे नाव आमच्या घरात आधीपासून होते. अब्बा शाळेत इतिहास शिकवायचे आणि इब्न बतूता हा त्यांचा आवडता विषय. मोरोक्कोच्या तांजा शहरातून हा तरुण १३२५ साली हजसाठी एकटा निघाला, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. हज झाली, पण पाय थांबले नाहीत. फिरत फिरत तो दिल्लीला आला आणि मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी काझी झाला. पुढे सुलतानाने त्याला चीनकडे वकील म्हणून पाठवले. त्या वाटेवर तो दौलताबादला थांबला, नंदुरबारलाही गेला. दौलताबादच्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, असे त्याच्या सफरनाम्यात आहे. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने नोंदवले. मराठे लोक काय खातात तेसुद्धा त्यात आहे: भात, भाज्या आणि तिळाचे तेल.

हा सफरनामा लिहिला गेला तो फेझ शहरात. मोरोक्कोला परतल्यावर सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्याने आपला सारा प्रवास सांगितला आणि इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाने तो लिहून काढला. १३५५ साली हे काम पुरे झाले. म्हणजे आमच्या गावचे हे वर्णन ज्या शहरात कागदावर उतरले, त्या शहरात आम्ही निघालो होतो. त्यामुळे फेझ आम्हाला परके वाटलेच नाही. चूक बहुतेक तिथेच झाली.

उतरलो की मशीद, चढलो की घर

फेझच्या जुन्या शहराला 'फास अल-बाली' म्हणतात. युनेस्कोने १९८१ साली त्याला जागतिक वारशात घेतले. आत मोटार नाही, रिक्षा नाही. माल वाहायला खेचरे आणि गाढवे. मागून 'बालाक! बालाक!' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभे राहायचे. कातड्याचे गठ्ठे नाही तर गॅसच्या टाक्या लादलेले खेचर अंगाला घासून पुढे जाते. काही गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही खांदे भिंतींना लागतात. गल्ल्यांची संख्या नऊ हजारांवर आहे, असे तिथले लोक सांगतात. आम्ही मोजल्या नाहीत, पण त्या दुपारी बाबूला त्या नव्वद हजार वाटल्या.

प्रत्येक मोहल्ल्याला आपली मशीद, आपला पाण्याचा नळ, आपला हमाम आणि आपली भट्टी. बायका घरी पीठ मळतात आणि मुले फळीवर कणकेचे गोळे घेऊन भट्टीवर जातात. भट्टीवाला कोणती फळी कोणत्या घरची हे न लिहिता ओळखतो. आपाला याचे फार कौतुक. "इथं भाकरीसुद्धा हरवत नाही," ती म्हणायची.

आमची राहण्याची खोली 'बाब बू जलूद' या दरवाजाजवळ होती. ही कमान बाहेरून निळ्या फरशांची आणि शहराच्या बाजूने हिरव्या फरशांची आहे. तिथून 'तालआ कबीरा' म्हणजे 'मोठा चढ' नावाचा रस्ता खाली करवियीन मशिदीकडे जातो. वाटेत सुलतान अबू इनानचा मदरसा लागतो. ज्याने इब्न बतूताचा प्रवास लिहून घेतला तोच हा सुलतान. घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सोपा नियम सांगितला: उतरत गेलात की करवियीन, चढत गेलात की घर. चार दिवस हा नियम बिनचूक चालला. पाचव्या दिवशी बाबू परदेशी पर्यटकांना वाट सांगू लागला.

त्यात एक गोष्ट आणखी होती. मोरोक्कोत बहुतेक मशिदींमध्ये गैरमुस्लिमांना प्रवेश नसतो. पर्यटक दारात उभे राहून आतले अंगण पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्ही सलाम करून सरळ आत जायचो, वुजू करायचो, नमाज पढायचो. त्या पर्यटकांच्या देखत आत जाताना मनात थोडी घमेंड यायची, हे कबूल केले पाहिजे. आम्ही पर्यटक नाही, हे आपलेच शहर आहे, असे आम्हाला वाटू लागले होते.

एक मशीद, अनेक दारे

पहिल्या जुम्याला आम्ही करवियीनला निघालो. ही मशीद ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईने वारसाहक्कात मिळालेल्या पैशातून बांधली, असे परंपरेने सांगतात. तिचे घराणे ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेले. त्या गावावरूनच मशिदीचे नाव पडले. पुढे तिथे मोठे विद्यापीठ उभे राहिले आणि ते आजही चालू आहे. एका स्त्रीने हे सुरू केले, याचा आपाला फार अभिमान होता. जुम्यासाठी तिने ठेवणीतला अबाया इस्त्री केला होता.

पुरुषांचे दार वेगळे आणि बायकांचे वेगळे. नमाजनंतर 'दाराशी' भेटायचे ठरले. कोणत्या दाराशी, हे दोघांपैकी कोणीच बोलले नाही. फोन दोन होते, पण तिथले सिमकार्ड एकच, तेही बाबूच्या फोनमध्ये. आपाचा फोन खोलीवरच्या वायफायवर चालायचा. खोलीच्या पत्त्याचे कार्ड आपाच्या पर्समध्ये होते. तिथला नवा नंबर तिने लिहून घेतला नव्हता. म्हणजे एकाकडे फोन, दुसरीकडे पत्ता आणि दोघांकडे भरपूर आत्मविश्वास.

खुतबा झाला, नमाज झाली. बाबू पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मालिकी जमातीत उभा होता. आजूबाजूला बहुतेक जण हात न बांधता, बाजूला सोडून उभे. याचे हात बांधलेले. कोणी वळून पाहिले नाही. सलाम फिरल्यावर गर्दी उठली आणि त्या लोंढ्याबरोबर तो बाहेर आला, पण आत शिरला होता त्या दाराने नव्हे.

आता करवियीनची एक गंमत सांगायला हवी. इतकी मोठी मशीद, पण बाहेरून ती 'दिसत' नाही. चारी बाजूंनी दुकाने, मदरसे आणि घरे तिला चिकटलेली आहेत. बाहेरच्याला दिसतात ती फक्त दारे, एक इथे, एक तिथे, वेगवेगळ्या गल्ल्यांत. आपल्याकडे मशिदीला वळसा घातला की पुन्हा पहिल्या दारी येता येते. बाबूने तेच करायचे ठरवले. भिंत उजव्या हाताला ठेवून तो निघाला. तिसऱ्या वळणावर ती भिंत मशिदीची राहिली नव्हती.

त्यात शुक्रवार. एरवी तो खुणा धरून चालायचा: डावीकडे तांब्याची भांडी, मग खजुराचे दुकान, मग चपलांचे. जुम्याला दुपारी जुना बाजार बंद असतो. सगळ्या फळ्या लावलेल्या. खुणा सगळ्या फळ्यांमागे गेल्या आणि उरल्या त्या एकसारख्या तपकिरी भिंती. ज्यांना विचारावे ते दुकानदार घरी कुसकुस खायला गेलेले. फोनवरच्या नकाशात निळा ठिपका उंच भिंतींमुळे एकदा इकडे, एकदा तिकडे उडत होता. सकाळपासून काढलेल्या फोटोंनी बॅटरी आधीच संपत आली होती. अडीचच्या सुमारास फोन बंद पडला.

चुकीचा चढ

बाबूने मग घरमालकिणीचा नियम आठवला. आपा खोलीवर गेली असेल, आपण चढत जाऊ. कोपऱ्यावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. बाबूला दरवाजाचे पूर्ण नाव ऐन वेळी आठवेना. तो म्हणाला, "बाब? बाब? बस, टॅक्सी?" आणि हाताने मोठी कमान काढून दाखवली. मुलाने मान हलवली, 'चल' अशी खूण केली आणि पुढे चालू लागला.

थोड्या वेळाने नाकात उग्र वास शिरला. फेझचे कातडी कमावण्याचे हौद प्रसिद्ध आहेत. कातडे मऊ करायला तिथे आजही चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात. बघायला येणाऱ्यांच्या हातात नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. हा वास खोलीच्या वाटेवर कधीच येत नाही, हे बाबूला माहीत होते. निघण्याआधी सगळ्यांनी बजावलेलेही होते की मुले वाट दाखवतो म्हणून भलतीकडे नेतात आणि पैसे उकळतात. त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने वीस दिरहमची नोट त्या मुलाच्या हातात कोंबली आणि बाजूच्या गल्लीत जवळजवळ पळतच शिरला. मुलगा मागून हात हलवून ओरडत होता, "बाब! बाब!" बाबूने वळून पाहिले नाही.

पुढे एक छोटा पूल लागला. तो पूल आहे हे त्याच्या ध्यानातही आले नाही. पलीकडे चढ होता. चढ दिसताच त्याला हायसे वाटले: चढलो की घर! पण फेझ एका टेकडीवर नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना उतार आहेत आणि मधल्या खोलगट भागात शहर भरलेले आहे. घरमालकिणीचा नियम एकाच काठासाठी खरा होता. बाबू नदी ओलांडून दुसऱ्या काठावर गेला होता. आता तो जितका चढत होता, तितका घरापासून दूर जात होता.

दोनदा तो आंधळ्या गल्लीत शिरला. अशा गल्लीला तिथे 'दर्ब' म्हणतात. ती बहुधा चार-पाच घरांपाशी जाऊन संपते. दुसऱ्यांदा समोर बंद दार आले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. पाणी नाही, फोन नाही, भाषा नाही. डोक्यात एकच वाक्य: आपा तुझ्याकडे अमानत आहे. आपाला काही झाले असेल का? अब्बांना काय सांगायचे? दार वाजवून कोणाला तरी विचारावे, इतके साधे त्याला सुचले नाही. खरे तर सुचले होते, पण लाज वाटली. चार दिवस लोकांना वाट सांगत फिरणाऱ्याने आता कोणत्या तोंडाने विचारायचे?

पायरीवर

इकडे आपा तिच्या दाराबाहेर उभी होती. दहा मिनिटे गेली, वीस गेली. बायका पांगल्या. मशिदीचे दार आतून बंद झाले; तिथे दोन नमाजांच्या मधल्या वेळात मशिदी बंद ठेवतात. गल्ली ओस पडली. अशा वेळी घड्याळ फार हळू चालते. तीनदा तिने निघायचे ठरवले. खोलीचे कार्ड तिच्याजवळ होते, वाट तिला माहीत होती, भाषा येत होती. ती एकटी सहज पोहोचली असती. दोन तरुण शेरा मारून गेले तेव्हा तर ती पर्स सावरून चालूही लागली होती. पण बाबूकडे पत्ता नव्हता. तो शोधत आला तर या दाराशीच येणार. अंधारीच्या तोंडाशी ऐकलेले वाक्य तिला आठवले आणि ती परत येऊन पायरीवर बसली.

समोरच्या घरातून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. अंगात जेलाबा, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी विचारले, "बिंती, कुणाची वाट पाहतेस?" बिंती म्हणजे माझ्या मुली. आपाने पुस्तकी अरबीत सगळे सांगितले. तिची अरबी ऐकून त्यांना हसू आले. आपल्याकडे कोणी रेडिओवरच्या बातम्यांच्या भाषेत भाजीचा भाव विचारावा, तसे ते होते. पण कळले सगळे. त्या म्हणाल्या, "घरात चल, जेव, नातू शोधेल त्याला." आपाने नाही म्हटले. "मी इथून हलले तर तो मला कसा सापडेल?" बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, मान डोलावली आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने त्या आणि त्यांचा नातू बाहेर आले ते कुसकुसची परात घेऊन. वर गाजर, भोपळा, कोबी, हरभरे आणि मांसाचे तुकडे. सोबत ग्लासभर ताक. शुक्रवारचे कुसकुस तिथे घरोघरी होते आणि ते दारच्या माणसाला द्यायचे असते. बाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. आपाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण त्यांनी चमचा तिच्या हातात दिला. नातू मशिदीच्या एकेका दाराशी जाऊन पाहून आला. ताक थेट आपल्या घरच्यासारखे होते, असे आपा आजही सांगते. तिला रडू कोसळले ते त्या ताकामुळे.

दुसऱ्या बहिणीची मशीद

सव्वापाचच्या सुमारास असरची अजान झाली. फेझमध्ये अजान एका मिनारावरून सुरू होते आणि मग चहूकडून येते. बाबू एका पायरीवर बसला होता. गल्लीतली दारे उघडली आणि माणसे बाहेर पडून एकाच दिशेने चालू लागली. सगळे करवियीनलाच निघाले असणार, असे समजून तो त्यांच्या मागे गेला. वर पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या माथ्यावर उंच, भव्य दरवाजा. एवढे भव्य दार त्याने करवियीनला पाहिले नव्हते. पण दारे पुष्कळ आहेत, हे एखादे वेगळे असेल.

नमाज झाली. मग मात्र तो उठला नाही. शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळी लाज सोडून बाबूने त्याला येत होते ते सगळे शब्द एकदम काढले: "अस्सलामु अलैकुम. हिंद. उख्ती, उख्ती. करवियीन?" उख्ती म्हणजे माझी बहीण. आजूबाजूचे तिघे-चौघे जमले. गृहस्थ म्हणाले, "करवियीन? ला, ला. ही अल-अंदलूस!"

ती अंदलूस मशीद होती. स्पेनमधून, म्हणजे तेव्हाच्या अंदलूसमधून, आलेले लोक नवव्या शतकात नदीच्या या काठावर वसले. त्यांच्या मोहल्ल्यातली ही मशीद फातिमाच्या सख्ख्या बहिणीने, मरियमने, बांधली असे सांगतात. एका बहिणीची मशीद त्या काठावर, दुसरीची या काठावर. आमच्यातली बहीण एकीच्या दाराशी बसली होती आणि भाऊ दुसरीच्या सफेत.

त्या गृहस्थांना सगळे 'अल-हाज' म्हणत होते. त्यांनी आणखी काही विचारले नाही. त्यांनी बाबूचा हात हातात घेतला, लहान मुलाचा घेतात तसा, आणि चालायला लागले. १९ वर्षांचा मुलगा परक्या शहरात एका म्हाताऱ्याचा हात धरून चालला होता आणि त्याला जराही लाज वाटत नव्हती. उतार, पूल, पुन्हा गल्ल्या. पंधरा मिनिटेही लागली नसतील. तीन तास तो जिथून दूर दूर गेला, ते ठिकाण तेवढेच जवळ होते.

पायरीवर आपा, तिच्या शेजारी त्या बाई आणि समोर झाकून ठेवलेली अर्धी परात. आपाने त्याला पाहिले आणि पहिले वाक्य बोलली ते आमच्या घरच्या दखनीत, आणि ते इथे छापण्यासारखे नाही. मग तिने त्याला जवळ घेतले.

बाबूने अल-हाजना पैसे देऊ केले. त्यांनी हात छातीवर ठेवला आणि मान हलवली. चेहरा थोडा उतरला होता. आपाने लगेच माफी मागितली. ते म्हणाले, "तू इब्नुस्सबील आहेस. हा तुझा हक्क आहे." कुरआनात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत इब्नुस्सबील, म्हणजे वाटेतला मुसाफिर, आहे हे आम्ही मदरशात शिकलो होतो. आम्हाला तो कोणीतरी गरीब, फाटका परदेशी वाटायचा. तो आपण असू शकतो, हे कधी मनात आले नव्हते.

राहून गेलेली माफी

परात पुन्हा उघडली. अल-हाजही बसले. बाबूने जेवता जेवता त्या मुलाची तक्रार केली आणि आपाने ती अरबीत सांगितली: एका मुलाने फसवून हौदांकडे नेले. अल-हाजनी विचारले, "त्याला तू काय विचारलं होतंस?" बाबूने सांगितले: बाब, बस, टॅक्सी, मोठी कमान. अल-हाज आणि त्या बाई दोघेही हसू लागले. बाब म्हणजे नुसता दरवाजा. फेझला असे कितीतरी दरवाजे आहेत. नदीच्या त्या काठाला 'बाब फ्तूह' आहे, तिथेही बस आणि टॅक्सी मिळते. मुलगा त्याला तिकडेच नेत होता. बाबूने जे मागितले, तेच तो दाखवत होता. त्याने पैसे मागितले नव्हते. मागून ओरडत होता तेही बरोबर होते.

बाबूचा घास हातातच राहिला. अर्धा प्रश्न त्याने विचारला आणि पूर्ण दोष त्या मुलाला दिला. परक्या शहरात सावध असावे, हे खरेच. आमच्या मुलांना आम्हीही तेच सांगू. पण सावधपणा आणि बदगुमानी यांत फरक आहे. सावध माणूस पुन्हा एकदा नीट विचारतो. बदगुमान माणूस नोट कोंबून पळतो आणि वर आपणच शहाणे म्हणवतो. उरलेल्या दोन आठवड्यांत आम्ही तो मुलगा शोधायला त्या कोपऱ्यावर बऱ्याचदा गेलो. तो दिसला नाही. ती माफी राहून गेली, ती गेलीच.

मगरिबची नमाज आम्ही करवियीनमध्ये पढलो. या वेळी दार ठरवून, बोटाने दाखवून आणि दोनदा बोलून. मोरोक्कोत मगरिबनंतर मशिदीत लोक एकत्र बसून एका सुरात कुरआन वाचतात. रोज एक भाग, असे वर्षानुवर्षे. आम्ही आपापल्या बाजूला बसून ते ऐकले.

मग खोलीवर येऊन घरी फोन लावला. रोज आम्ही असरनंतर बोलायचो. भारत त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे, म्हणजे घरी मध्यरात्र उलटून गेली होती. पहिल्याच घंटीला अम्मीने फोन उचलला. "इतका उशीर?" आम्ही म्हणालो, "जुमा होता ना, कुसकुस खात बसलो." ती म्हणाली, "बरं, झोपा आता," आणि मग कुठे ती झोपायला गेली. हे अब्बांनी नंतर सांगितले.

इब्न बतूता चोवीस वर्षांनी मायदेशी पोहोचला. घर अगदी जवळ आले असताना त्याला कळले की आई महामारीत गेली. वडील कितीतरी आधी गेले होते, तेही त्याला परतीच्या वाटेवरच कळले. लहानपणी अब्बा हे सांगायचे तेव्हा आम्हाला उंदरांची गोष्ट जास्त आवडायची. त्या रात्री फोन ठेवल्यावर आम्हाला ही दुसरी गोष्ट आठवली. फिरणाऱ्याला वाटते की हरवला तर आपण एकटे हरवतो. घरी कोणीतरी फोनजवळ बसलेले असते.

आता किल्ल्याखालच्या रस्त्यावर बाहेरगावचे कोणी नकाशा उलटसुलट करताना दिसले तर आम्ही लांबून बोट दाखवत नाही. थांबतो, नीट विचारतो आणि शक्य असेल तर वळणापर्यंत सोबत जातो. पाणी देतो. कधी कोणी घाबरून नोट पुढे करतो. आम्ही छातीवर हात ठेवतो. त्या माणसाचा राग येत नाही. तशीच नोट आमच्यातल्या एकाने कोंबली होती.

एक गोष्ट उरली. त्या रात्री अम्मीला आम्ही जे सांगितले ते अर्धेच होते. आजवर ते तसेच राहिले. अम्मी हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, एकही मजकूर सोडत नाही. तेव्हा अम्मी, उशीर कुसकुसमुळे झाला हे खोटे नव्हते. बाकीचे हे असे झाले. माफ कर.